इन्स्पेक्टरकाकांची मुशी

वसईतल्या वालीवच्या आमच्या कारखान्यात पितळेचे व्हॉल्व्ह बनायचे आणि काका ते नापास करायचे. मशीनवरच्या माणसांनी दिवसभर घाम गाळून पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी काकांनी त्यातल्या अर्ध्या रिकाम्या करायला लावायच्या, हा आमचा नित्यनेम. त्यांच्या खिशात लाल खडू असे. ज्या नगावर त्या खडूची फुली पडली तो नग परत भट्टीत. मग मालक येवोत, मालकांचे मेहुणे येवोत, की गिऱ्हाईक दारात टेम्पो लावून उभं राहो. "काका, एवढं चालेल हो," असं कुणी म्हटलं की काका चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "चालेल म्हणजे किती? मिलिमीटरमध्ये सांग." चालेल हे माप नाही, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही नवरा भाजीची चव घेऊन "चालेल" म्हणाला की माझं डोकं फिरतं.

मी तिथे स्टोअरला होते. काका इन्स्पेक्शनला. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये एक काच होती आणि ती काचही सरळ बसवलेली नाही, डाव्या बाजूला दोन सूत खाली आहे, हे काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

इन्स्पेक्शनचं काम म्हणून गावात त्यांना सगळे इन्स्पेक्टर म्हणत. त्याचा फायदा असा की सुट्टीच्या दिवशी ते किनाऱ्यावर गेले आणि मागून कुणी "इन्स्पेक्टर आले" म्हणालं, तर सुरूच्या झाडांत बाटल्या घेऊन बसलेली मंडळी उठून शहाण्यासारखी समुद्र बघायला लागत. काकांना ते कधी कळलं नाही. त्यांना वाटे, लोकांना निसर्गाची आवड वाढत चालली आहे.

राहायला ते सांडोरला. वडिलोपार्जित केळीची वाडी, थोडी भाजी, विहीर. घरात ते आणि काकू त्यांच्या घरच्या बोलीत बोलत. ती मला निम्मी कळे, पण काकूंचा सूर सगळा कळे. "लग्नाच्या वेळी मला पास केलं, तेवढंच बघ," काकू एकदा माझ्यासाठी मुद्दाम साध्या मराठीत म्हणाल्या. "त्यानंतर या घरात काही म्हणजे काही पास झालेलं नाही."

अशा माणसाच्या मापावर लोक हसले, तिथून सगळं सुरू झालं.

काकांना गळ टाकून मासे धरायचा नाद जुनाच. शुक्रवारी आमच्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी. त्या दिवशी किनारा रिकामा असतो, म्हणून ते शुक्रवारी काठी घेऊन भुईगावच्या बाजूला जात. लहानसहान मासे मिळत. पण एका शुक्रवारी, भर उधाणाच्या भरतीत, त्यांच्या गळाला काहीतरी भलतंच लागलं. ते काय होतं ते त्यांनी मला किमान शंभर वेळा सांगितलं असेल आणि शंभरही वेळा अगदी त्याच शब्दांत: "दोन ठोके. मग सरळ पळाली. रिळावरचा दोनशे मीटर दोरा गेला आणि शेवटच्या गाठीला तुटला. मुशी होती. सात फूट." मुशी म्हणजे आपला शार्क. आमच्याकडे नालासोपाऱ्याच्या बाजारात तिला मोरीही म्हणतात.

आता सात फूट हे न बघताच कसं मोजलं, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. तो फिलूमावशीच्याही मनात आला. फिलूमावशी म्हणजे किनाऱ्यावर बोंबील वाळवणारी कोळीण. साठी ओलांडलेली, तोंडाने फटकळ, आणि पाण्यात काय आहे ते वाळूवर बसून सांगणारी. काका तुटलेला दोरा हातात घेऊन तिच्या मांडवापाशी आले तेव्हा चार-पाच जण तिथे होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "इस्पेटर, दोरा मधीच थांबला व्हता का? जड झालता, खडकासारका?"

"नाही," काका म्हणाले.

"मुशी पलते, पाकट बसतं. मना तर पाकटच वाटतं ते."

पाकट म्हणजे तो चपटा, शेपटीला काटा असलेला मासा. बसलेले सगळे हसले. त्यानंतर कित्येक शुक्रवार कुणी ना कुणी विचारायचंच, "इस्पेटर, सात फुटाला किती सूत कमी?" पण काकांनी ठरवलं होतं. पुन्हा मुशी धरायची, काठावरूनच धरायची, ओढून वाळूवर आणायची आणि सगळ्यांसमोर टेप लावायची. आणि त्यासाठी पहिलं काम म्हणजे असं रीळ आणि असा दोरा निवडायचा, जो तुटणार नाही.

ही निवड चार वर्षं चालली. खोटं वाटेल, पण मी साक्षीदार आहे. कारण काकांकडे बटणांचा फोन होता आणि रिळं मागवली जायची माझ्या फोनवरून. थोड्याच दिवसांत माझ्या फोनची पक्की समजूत झाली की मी कोळीण आहे. नवऱ्याच्या वाढदिवसाला शर्ट शोधायला गेले तर मला गळ, शिसं आणि गमबूट दिसत.

पहिलं भांडण झालं ते आकड्यावरून. मोठ्या रिळांवर दहा हजार, चौदा हजार, वीस हजार असे आकडे असतात.

"वीस हजार काय?" काकांनी विचारलं.

"साइज आहे काका."

"हो, पण वीस हजार काय? मीटर? ग्रॅम? दात?"

मी शोधलं. काहीच नाही. नुसता आकडा. एका कंपनीचं चौदा हजार दुसरीच्या वीस हजाराएवढं भरत होतं. काकांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या घराण्याबद्दल वाईट बोललं. एकक नसलेला आकडा म्हणजे थाप, असं म्हणून त्यांनी ते सगळे आकडे वहीत लिहिले आणि सगळ्यांवर फुली मारली. मग स्वतःची मापं काढली. अंगठ्याएवढ्या जाडीचा दांडा हवा, मूठ गोल हवी म्हणजे ओल्या हातातून सुटणार नाही, पाचशे मीटर दोरा मावायला हवा, आणि हँडल फिरवताना आत जराही खेळ नको, म्हणजे काही डुगडुगायला नको.

या मापांपुढे रिळं येत गेली आणि पडत गेली. एक आलं ते पेटी उघडल्याबरोबर कानाशी लावून फिरवलं आणि "गिअरला आवाज आहे" म्हणून परत. एकाला रात्रभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं, सकाळी उघडलं तर आत पाणी. परत. दुसऱ्यावर वाळू घातली. काकू दारात उभं राहून बघत होत्या. "माणसं बादलीत कपडे भिजवतात," एवढंच म्हणाल्या.

दोऱ्याची परीक्षा केळीवर झाली. आपल्याकडे दोरा म्हणजे तंगूस, तो पारदर्शक नायलॉनचा. पण मोठ्या माशासाठी हल्ली वेणीसारखा विणलेला दोरा मिळतो, तंगूसापेक्षा बारीक आणि दुप्पट ताकदीचा. पुडक्यावर ऐंशी पौंड लिहिलं होतं. काकांनी त्याचे आधी किलो केले, छत्तीस आले. मग ओटीच्या वाशाला दोरा बांधला, तो पाण्याने ओला केला आणि खाली केळीचे लोंगर अडकवायला सुरुवात केली, प्रत्येक लोंगर आधी काट्यावर तोलून. दुसऱ्या लोंगराला गाठ सुटली आणि तो आख्खा घड काकूंच्या मिरच्यांच्या सुपात. काकूंनी जे काही म्हटलं ते घरच्या बोलीत म्हटलं, ते बरंच झालं.

"दोरा पास," काका शांतपणे म्हणाले. "गाठ नापास."

मग महिनाभर जेवणाच्या सुट्टीत आम्ही गाठी मारल्या. आम्ही म्हणजे मीसुद्धा. तंगूसाची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची असते, नाहीतर घासून तापते आणि आतून जळते. चपाती खाऊन झाल्यावर काका आणि मी समोरासमोर बसून दोऱ्यावर थुंकतोय, हे दृश्य बघून मालकांच्या मेहुण्यांनी आमच्या खात्यात येणंच सोडलं.

मी हे सगळं का करत होते, असं नवऱ्याने मला विचारलं होतं. त्याला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. नोकरीला लागून मला तीन महिने झाले होते तेव्हा एका पार्टीकडून आख्खा लॉट परत आला. आटे बसत नव्हते. मी चुकीच्या सळ्या दिल्या, असं मशीनवाल्यांपासून मेहुण्यांपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर काका मालकांसमोर उभे. हातात गेज. ज्याने सगळा माल मोजला गेला ते गेजच झिजलेलं होतं आणि ते काकांच्याच खात्यातलं होतं. "बाईंची चूक नाही. माझं गेज खोटं होतं. मी तपासायला हवं होतं," एवढं बोलून ते जाऊन बसले. स्वतःची चूक अशी चारचौघांत, कुणी विचारलेलं नसताना सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यानंतर त्यांनी मला समुद्रात उडी मारायला सांगितली असती तर मी फक्त खोली विचारली असती.

समुद्रात उडी नाही, पण मुशी व्हावं लागलं. रिळाला ब्रेक असतो. मासा ओढायला लागला की दोरा तुटू नये म्हणून तो ब्रेक ठरावीक ताणाला सुटतो आणि दोरा देतो. पेटीवर पंधरा किलो लिहिलेलं. ते खरं की खोटं हे कळायला हवं, म्हणून दोरा आणि ताणकाटा माझ्या स्कूटरच्या मागच्या दांडीला बांधला. काका वाडीच्या दारात काठी घेऊन पाय रोवून उभे. "बाय, मुशीसारखी जा," ते म्हणाले. मुशी कशी जाते मला काय माहीत? मी आपली दुसऱ्या गिअरच्या वेगाने सांडोरच्या गल्लीतून निघाले. दोन्ही बाजूंची माणसं बाहेर आली. मागून काकांचा आवाज, "वळू नकोस! मुशी वळत नाही!" समोरून टेम्पो आला, मुशी वळली.

त्या दिवशी एक विचित्र गोष्ट झाली. ब्रेक पूर्ण आवळलेला, रिळाची चकती जागेवर गच्च, आणि दोरा मात्र सुटतच होता. काका संतापले. रीळ परत पाठवलं आणि सोबत दुकानदाराला खरमरीत पत्र, तेही नीट अक्षरात. दोन आठवड्यांनी त्यांना उमगलं. गुळगुळीत धातूच्या चकतीवर विणलेला दोरा थेट गुंडाळला की तो आख्खाच्या आख्खा चकतीभोवती घसरतो. आधी खाली साध्या तंगूसाचे थर द्यायचे, त्यावर हा दोरा बांधायचा. दोष रिळाचा नव्हता. काकांनी त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं: रीळ निर्दोष, चूक माझी, तेच परत पाठवावे. दुकानदाराने ते पाठवलं. त्याला वाटलं असेल, वसईला दोन वेगवेगळी माणसं राहतात.

तेच रीळ शेवटी पास झालं. काळं, ओबडधोबड, वजनाला खलबत्त्यासारखं. आता राहिली तार. मुशीच्या दातांपुढे कुठलाच दोरा टिकत नाही आणि तिची कातडी कानशीसारखी, घासली तरी दोरा कापते. म्हणून गळाच्या वर दोन हात पोलादी तार लागते. ती आणायचं काम माझ्याकडे. मी आमच्या घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "मोरीसाठी तार द्या, मजबूत." त्याने अदबीने विचारलं, "मोरी किती लांब?" मी म्हटलं, "सात फूट." त्याने मला तुंबलेल्या मोरीत घालायची ती गुंडाळ्याची स्प्रिंग दिली. मीही शहाणी, घेऊन गेले. काकांनी ती उलटसुलट बघितली, गंज पाहिला, खडूची फुली मारली आणि मग विचारलं, "हे आहे काय?"

अखेर एका शुक्रवारी आम्ही निघालो. उधाण होतं, दुपारची भरती, वारा अंगावर येत होता. काकूंनी डबा दिला होता आणि घरात कुणी परीक्षेला जाताना देतात तशी हातावर दही-साखर. किनाऱ्याच्या टोकाला, जिथे कुणी येत नाही, तिथे काकांनी वाळूत पाइप रोवला, त्यात काठी उभी केली, अर्धा बांगडा गळाला लावून लांब फेकला. मग आम्ही बसलो. मी दोन वेळा डबा उघडायचा का विचारलं, काकांनी ऐकलंच नाही.

चारच्या सुमारास काठीचं टोक हललं. एकदा. पुन्हा एकदा.

"दोन ठोके," काका म्हणाले आणि उठले.

मग रीळ ओरडलं. कर्रर्र करून दोरा जायला लागला, सरळ, पश्चिमेला. काकांनी काठी पाइपातून काढली, कमरेच्या पट्ट्यात रोवली आणि मागे कलले. शंभर मीटर. दीडशे मीटर. ब्रेक गरम होत होता पण अडत नव्हता, दोरा घसरत नव्हता, तार टिकली होती, माझी थुंकी लावलेली गाठही टिकली होती. चार वर्षांत तपासलेली एक एक गोष्ट आपापलं काम चोख करत होती. मी आनंदाने नाचत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. "काका, मुशी! काका, मुशी!" असं ओरडत होते.

आणि मग दोरा थांबला.

तुटला नाही. नुसता थांबला. काठी वाकलेली, दोरा ताठ, आणि पलीकडे काहीतरी जड, न हलणारं, खडकात अडकल्यासारखं. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. मला वाटलं दमले. वय झालेलं, छातीचं काही असेल म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी मान हलवली.

"सोडून देऊ का काका?"

"नाही," ते म्हणाले. "आणायचं."

पाऊण तास ते ओढत होते. थोडा दोरा घ्यायचा, थांबायचं, पलीकडचं जागचं हलावं म्हणून काठीच्या बुंध्यावर मुठीने ठोके द्यायचे, पुन्हा घ्यायचा. मी त्यांच्या कमरेला धरून उभी. शेवटी गुडघाभर पाण्यात एक करडी, रुंद, सपाट पाठ वर आली आणि तिच्या कडा पदरासारख्या हलल्या. मागे लांब शेपूट, त्यावर काटा.

"पाकट," काका म्हणाले.

मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, इथे कुणी नाही. मुशी होती, मीही सांगेन. सुटली म्हणू." मी हे बोलले. बोलायला नको होतं, पण बोलले.

त्यांनी खिशातून टेप काढली. "शेपटीपासून लांब राहा," ते म्हणाले, "आणि हे टोक धर." आम्ही त्याची रुंदी मोजली. चार फूट दोन इंच. मग त्यांनी पकडीने गळाजवळ तार कापली आणि पुढच्या लाटेबरोबर पाकट निघून गेलं.

सामान आवरून ते सरळ फिलूमावशीच्या मांडवाकडे चालायला लागले. मी मागे. ती बांबूवरचे वाळलेले बोंबील काढून पाटीत भरत होती. ओळखीची चार माणसं बसलेली होतीच. काठी आणि ते काळं रीळ बघून एकजण म्हणाला, "काय इस्पेटर, गावली का मुशी?"

"पाकट," काका म्हणाले. "चार फूट दोन इंच. सोडलं."

"सोडलं?" फिलूमावशी करवादली. "मेल्या, चार घरांचं कालवन झालं असतं!"

हशा झाला. काका हशा संपेपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

"फिलू, तेव्हाचंही पाकटच होतं. तू विचारलं होतंस, दोरा मधे थांबला का. मी नाही म्हणालो. थांबला होता. चांगला पाच मिनिटं थांबला होता, खडकासारखा. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं माप दिलं."

कुणी हसलं नाही. चार वर्षं मी ज्या वाक्याच्या आधाराने रिळं मागवत होते, "सरळ पळाली," त्यातला अर्धा भाग या माणसाने माझ्यापासूनही लपवला होता. रागही आला आणि त्यांच्याबद्दल कधी नव्हती एवढी मायाही वाटली.

फिलूमावशी हातातले बोंबील पाटीत टाकत म्हणाली, "मना माहीत व्हतं. नाय बोल्लास तवा तुजं लक्ष वालूकडं व्हतं. म्या कोनाला बोल्ले नाय."

मघाचाच माणूस जरा चाचरत म्हणाला, "मंग आता रीळ इकनार का, इस्पेटर?"

"का म्हणून?" काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर लावला. "रीळ पास आहे, दोरा पास आहे. चार वर्षं मी पाकटाच्या मागे होतो. मुशीला अजून सुरुवातच कुठे केली?" मग ते तिच्यासमोर वाळूत खाली टेकले. "फिलू, मी दुनियेला विचारत बसलो, तुला विचारलंच नाही. मुशी कुठे असते, ते सांग."

फिलूमावशीने पाटी बाजूला ठेवली, बोटाने वाळूत किनाऱ्याची रेघ ओढली आणि म्हणाली, "हे बग, हितं तू उबा र्‍हातोस. हितंच चुकतंस."